खाचांची पट्टी

काका माणसांच्या डोक्यावर हात धरायचे. आशीर्वाद वगैरे काही नाही हो, सावली पाहायचे.

सिंदी मेघेला मी खोली शोधत फिरत होते तेव्हाची गोष्ट. कचेरीत लिपिकाची नवी नोकरी, गाव अल्लीपूर, आणि रोजच्या एस्टीच्या धक्क्यांनी जीव मेटाकुटीला आलेला. त्या दिवशी तीन घरं पाहून झाली होती. दोन ठिकाणी आडनाव विचारलं आणि खोली एकाएकी भाच्यासाठी राखून ठेवलेली निघाली. तिसरीकडच्या बाईनं "एकटीच राह्यशीन का?" असं विचारून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चौथं घर काकांचं. मी खिडकीपाशी खुर्चीवर टेकते न टेकते तोच हा उंच, वाळका म्हातारा उठला, माझ्या डोक्यावर फूटभर वर पंजा धरला आणि माझ्या मांडीवरची सावली वाकून पाहू लागला.

"इथं नको बसू पोरी. सावलीची कड पाह्य कशी ठळक पडून राह्यली. ऊन तिखट हाय. अर्धा फूट सरक."

मी सरकले. पुन्हा पंजा, पुन्हा वाकणं.

"हां. आता कड पुसट झाली. बस, एवढाच उजेड पाह्यजे."

आडनाव नाही विचारलं, लग्नाचं नाही विचारलं. विचारलं ते एवढंच, की खोलीत एसी लावशील का. मी म्हटलं, काका, माझ्या पगारात कूलर बसला तरी गंगेत घोडं न्हालं. त्यांचं तोंड असं उतरलं की मला वाटलं, गेली ही खोलीसुद्धा. पण आतून काकूंचा आवाज आला, "अवं माय, लेकराले पाणी तं द्या आधी! एसीचं काय घेऊन बसले!" आणि मी त्या घरात वरच्या मजल्यावर राहायला गेले. साडेतीन वर्षं राहिले. त्यांनी मला लेकीसारखं ठेवलं आणि मी त्याची परतफेड कशी केली, ते सांगायलाच बसले आहे.

एसीचं कोडं आठवडाभरात उलगडलं. त्यांना एसीतून गळणारं पाणी हवं होतं. मागच्या गॅलरीत त्यांचे सतरा ऑर्किड होते. वर्ध्यात, बरं का! जिथं मे महिन्यात नळ सोडला की पाण्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी राहते, तिथं. आणि त्यातला एकही विकत घेतलेला नव्हता. कुठं दवाखान्याचं उद्घाटन झालं, कुठल्या साहेबाचा निरोप समारंभ झाला, की लोक ती फुललेली कुंडी भेट देतात. दोन महिने फूल टिकतं, मग दांडी वाळते आणि कुंडी जाते कचऱ्यात. काका तिथून उचलून आणायचे. मंगल कार्यालयाच्या मागून आणायचे, बँकेच्या शिपायाला सांगून ठेवायचे. एकदा तर एका साहेबाच्या टेबलावरून उचलली, साहेब समोर बसलेले असताना. "साहेब, याची मुळं सडून राह्यली, मी घेऊन जातो," म्हणाले आणि घेऊन आले. साहेब बिचारे पेन हातात धरून पाहत राहिले.

झाडांना ते झाड म्हणत नसत, पेशंट म्हणत. "बँकेवाल्याले आज नवीन मूळ फुटलं." "कार्यालयवालीचं पान लुळं पडलं, काय झालं कोणास ठाऊक." चौतीस वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळं तोंडातली भाषा तीच राहिली. पेशंट राहायचे औषधांच्या जुन्या पारदर्शक बरण्यांत, तापवलेल्या सळईनं भोकं पाडलेल्या. ऑर्किडच्या मुळांनाही उजेड लागतो, म्हणून बरणी पारदर्शक. आत माती नाहीच; इस्त्रीवाल्याकडचा कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या. उन्हाळ्यात वरून हिरवी जाळी दुहेरी. आणि कूलरचं तोंड गॅलरीकडं.

"अठ्ठावीस वर्सं झाली या घराले," काकू मला सांगायच्या, "कूलर झाडाइले अन् मले पंखा! मी मेली तं मले त्या गॅलरीतच ठेवजा म्हणावं, थंड तं राहीन."

काका शांतपणे म्हणायचे, "तुले घाम येते. त्याइले येत नाई. म्हणून."

काकू कपाळावर हात मारायच्या आणि मी हसून हसून बेजार व्हायचे.

एक साडू आला होता त्यांचा, हिंगणघाटकडचा. गॅलरीत डोकावून म्हणाला, "भाऊ, एवढ्या बरण्याइत बांडगूळ काऊन लावून ठेवलं?" काकांनी त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलला आणि आत नेऊन ठेवला. पाहुण्याचा कप, अर्धा प्यायलेला! परत येऊन म्हणाले, "बांडगूळ दुसऱ्याचं खाते. हे कोणाचं खात नाई. झाडावर फकस्त बसते, अन् हवेतून भेटलं तेवढ्यावर राह्यते. समजून घ्या अन् मंग बोला." साडूबुवा पुन्हा आले नाहीत.

खाऊ घालण्याचा त्यांचा हिशोब तर विचारूच नका. कृषी केंद्रात जाऊन ते कपाशीवर फवारायचं विरघळणारं खत आणायचे. दुकानदारानं पहिल्यांदा विचारलं, "काकाजी, किती एकर?" हे म्हणाले, "सतरा बरण्या." तो पोट धरून हसला, पण काका हसले नाहीत. पुडीवर लिटरला पाच ग्रॅम लिहिलेलं, हे अर्धा ग्रॅमसुद्धा घालत नसत. पितळेचा चिमुकला तराजू, औषध मोजायचा काचेचा ग्लास, डोळ्याच्या रेषेत धरून पाहायचं, एक थेंब जास्त झाला तर ड्रॉपरनं काढायचा. तीन आठवडे असं खाणं आणि चौथ्या आठवड्याला उपास, म्हणजे नुसतं पाणी, आतलं मीठ धुऊन निघावं म्हणून. "चौतीस वर्सात," ते बोट उभं करून सांगायचे, "एका लेकराले एक थेंब जास्त गेला नाई माह्या हातून. लोक डॉक्टरचं नाव घेत. पण डोस मोजे कोण?"

हा त्यांचा एकमेव गर्व. ना घराचा, ना पुण्यातल्या मुलाचा. फक्त हाताचा.

त्याच हातानं ते सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला काकूंच्या इन्सुलिनची सुई भरायचे. साखरेनं काकूंची नजर गेल्यातच जमा होती, चेहरे ओळखू यायचे, सुईवरच्या रेघा नाही. डॉक्टर म्हणाले होते, आता पेन निघालंय, आकडा फिरवला की झालं. काका म्हणाले, "पेनाले काय समजते?" सुई उजेडात धरून, एक डोळा मिटून, बुडबुडा टिचकीनं वर घालवून ते भरायचे. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही. काकूसुद्धा नाही, म्हणजे बघा.

आणि पाणी. ऑर्किडला आपल्या बोरचं पाणी चालत नाही. जड पाणी, क्षाराचं. चार महिने घातलं की मुळांवर पांढरी खपली धरते आणि मुळं जळतात. म्हणून पावसाळाभर शेजाऱ्यांच्या एसीच्या नळ्यांखाली सलाइनच्या रिकाम्या बाटल्या बांधून ठेवायचे. सगळी गल्ली दवाखान्यासारखी दिसायची. पण उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी की एसीतूनही थेंब निघत नाही. त्यासाठी जिन्याखाली एक निळा ड्रम होता, दोनशे लिटरचा, पावसाच्या पाण्यानं भरलेला, वरून चादर बांधलेला. आणि त्या ड्रमवर उभी कागदाची पट्टी.

जुन्या काळी दवाखान्यातून मिक्श्चरची बाटली मिळायची, तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली असे, कात्रीनं खाचा पाडलेली. एक खाच म्हणजे एक डोस. काकांनी आयुष्यभर त्या पट्ट्या कापल्या, आणि निवृत्त झाल्यावरही हात थांबला नाही. घरात तेलाच्या बाटलीवर पट्टी, सरबताच्या बाटलीवर पट्टी. ड्रमवर मोठी पट्टी: एक खाच म्हणजे एक आठवडा, शेवटची खाच मृगाची. दर रविवारी ड्रमला बॅटरी लावून आतल्या पाण्याची रेघ पाहायचे आणि म्हणायचे, "बरोबर." पट्टी बरोबर तर जग बरोबर, असा त्यांचा कारभार होता.

हिवाळ्यात रात्री गार पडल्या की ऑर्किडांना दांड्या फुटायच्या. विकतचा ऑर्किड आपल्याकडं दुसऱ्यांदा फुलत नाही, सगळे सांगतात. काकांचे फुलायचे. शेवटच्या वर्षी नऊ फुलले. पांढरे, जांभळे, एक पिवळा ठिपक्यांचा. काका काकूंचं बोट धरून पाकळीवर टेकवायचे. "हा साहेबाच्या टेबलावरचा." काकू म्हणायच्या, "मऊ हाय व्हय." बस, दोघांचं बोलणं एवढंच. मी दारात उभी राहून पाहायचे आणि मला माझ्या आईबापांचा हेवा वाटायचा नाही, यांचा वाटायचा.

आता मुद्द्यावर येते. टाळत होते, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

एप्रिलमध्ये पुण्याला मुलाला मुलगी झाली. मेमध्ये बारसं. काकूंना जायचंच होतं. "नजर पुरती जायच्या आधी नातीचं तोंड पाह्यतो," म्हणाल्या. काका हलायला तयार नाहीत. भर उन्हाळ्यात पेशंट टाकून कसं जायचं? नऊ वर्षांत गाव सोडलेलं नव्हतं. काकू रडल्या. मग मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "जा न काका. मी आहे ना. अकरा दिवसांचा काय तो प्रश्न!"

काकांनी मला गॅलरीत नेऊन सगळं शिकवलं. पाणी सकाळीच, सातच्या आत. पानांच्या मधोमध थेंब साचू द्यायचा नाही. पाणी फक्त ड्रमचं. "अन् खत बिलकुल नाई. उन्हात त्याइले भूक नसते. काई दिलं तं अंगाले लागन नाई, उलट जळतीन. समजलं?" मी म्हटलं, समजलं.

दुसऱ्याच दिवशी मला कचेरीला उशीर झाला होता. घाईघाईनं डबा भरला आणि ड्रमची तोटी नीट बंद न करता पळाले. संध्याकाळी आले तर अंगण कोरडं ठाक. फक्त जिन्यापासून कडुलिंबाच्या मुळापर्यंत एक ओलसर पट्टा. ड्रमवर टिचकी मारली तर ढण्ण वाजला. पाच आठवड्यांचं पावसाचं पाणी गेलं होतं.

त्या वेळी मी फोन करायला हवा होता. फिल्टरच्या पाण्याच्या कॅन मागवता आल्या असत्या, तेही चालतं, हे मला काकांनीच कधीतरी सांगितलेलं. मला आठवलं होतं, हे लक्षात ठेवा. विसरले असते तर आज एवढं जाळलं नसतं. पण मनात आलं, बारशात आहेत, कशाला त्यांच्या डोक्याला ताप? आणि खरं सांगू का, मला शिव्या खायच्या नव्हत्या. शिव्यासुद्धा नाही, काका कधी शिवी देत नसत. नुसतं "असं काऊन केलं पोरी" म्हणाले असते, ते मला नको होतं. म्हटलं, पाणीच तर आहे! सगळं सिंदी मेघे तेच पितं. आणि मोटर लावून ड्रम बोरच्या पाण्यानं भरला.

भरला तो कसा? बॅटरी घेऊन, ड्रमला लावून, बरोब्बर त्या आठवड्याच्या खाचेपर्यंत. रेघ खाचेच्या किंचित वर दिसली म्हणून एक मग काढला, पुन्हा पाहिलं, पुन्हा अर्धा मग काढला. आयुष्यात इतकं नेमकं मी काही मोजलं नव्हतं. काकांची शिष्या म्हणवून घ्यायची लायकी माझ्यात त्याच एका दिवशी होती.

चौथ्या दिवशी पानं मलूल दिसली. पंचेचाळीसच्या उन्हात दिसणारच. मला आतून भीती होती, म्हणून माझी माया उफाळून आली आणि मी त्यांना खत दिलं. तराजू कोण काढतो? टोपणभर बादलीत टाकलं, ढवळलं, घातलं. दोन दिवसांनी पुन्हा एकदा.

काका परत आले ते पिशवी खाली न ठेवता गॅलरीत गेले. सतरा बरण्यांवर पंजा धरून झाला. मग बॅटरी घेऊन जिन्याखाली गेले. मी वरच्या पायरीवर उभी. खालून आवाज आला, "बरोबर."

नंतर गल्लीभर सांगत सुटले. "अकरा दिवस सांभाळले पोरीनं! एक पान इकडचं तिकडं नाई! पट्टी पाह्यली मी, खाचेले खाच!" मला पुण्याची बाकरवडी दिली. मी ती खाल्ली.

ऑर्किडचं मरण फार हळू असतं. आज केलेलं पाप दोन महिन्यांनी पानावर येतं. मृग लागेपर्यंत काका त्याच ड्रममधलं पाणी झाडांना देत राहिले, आणि मी रोज वरून पाहत राहिले. पाऊस आल्यावर उरलेलं पाणी ओतलं, ड्रम घासून धुतला, पागोळीखाली लावला आणि पुन्हा मोजूनमापून खत सुरू केलं. झालं, माझ्या गुन्ह्याचा पुरावाही त्यांनीच धुऊन टाकला. आणि आखाडात बँकेवाल्याचं पहिलं पान पिवळं पडलं.

मग रांगच लागली. पान धरलं की हातात यायचं. काकांनी एक बरणी उपडी केली. मुळं तपकिरी, बोटानं दाबली की सालपटं निघायची. कोळशावर पांढरी खपली. ती त्यांनी नखानं खरवडली, जिभेला लावली.

"मीठ," म्हणाले. "खताचं मीठ चढलं. डोस जास्त झाला."

मी जिन्यात उभी होते. त्यांनी वर पाहिलं. "पोरी, त्या अकरा दिवसांत तू काई दिलं नव्हतं नं?"

"नाही काका. तुम्ही सांगितलं तसंच केलं."

"मले वाटलंच," ते म्हणाले. संशय म्हणून विचारलं नव्हतं हो त्यांनी. खात्री करून घेतली, की चूक घरात दुसरीकडं कुठं नाही, ती आपलीच आहे.

त्यानंतर त्यांनी तराजू तपासला, सोनाराकडून वजनं पडताळून आणली. बरोबर निघाली. ग्लासवरच्या रेघा तपासल्या. डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले डोळे पाहिले नाहीत. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. काका घरी येऊन पडवीत बसले आणि हात समोर लांब धरून बोटांकडं पाहत राहिले. "डोळे बरोबर हायेत म्हणते," काकूंना म्हणाले. "मंग हातच."

पोळ्याला पाच उरले होते. दसऱ्याला एकही नाही. सगळ्या बरण्या धुऊन त्यांनी कठड्यावर पालथ्या मांडल्या आणि कूलरवर चादर टाकली. तरी सकाळी नऊला सवयीनं गॅलरीत जायचे, पंजा धरायचे, आणि खाली नुसती फरशी दिसली की हात मागं घ्यायचे. मला ते खिडकीतून दिसायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण तोंड उघडायचं नाही. रोज ठरवायचे, उद्या सांगू. निगरगट्ट माणूस असाच तयार होतो, एका दिवसात नाही होत.

पण सगळी झाडं जायच्या आधीच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सकाळी आठच्या सुमारास खालून हाक आली. "पोरी, इकडं येजो जरा."

काकू पलंगावर बसलेल्या. काकांच्या हातात इन्सुलिनची कुपी आणि सुई. माझ्यासमोर धरली.

"भर. अठरा युनिट."

"मी? अहो काका, मला कुठं..."

"मी सांगतो तशी भर."

काकू चिडल्या. "काऊन? तुमच्या हाताले काय झालं? अठ्ठावीस वर्सं तुमचंच ऐकून राह्यली, आता हे नवीन कुठून काढलं?"

काकांचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता. "बारा पेशंट मारले या हातानं. तेराव्यावर पाह्यत बसू का मी? झाडं होती म्हणून कोणाले समजलं नाई. तुले अठराच्या जागी अठ्ठावीस गेले तं?" मग माझ्याकडं वळून, अगदी मऊ आवाजात, "तुह्या हातावर भरोसा हाय माहा. तू सांभाळले तवा समदे जित्ते होते."

मी सुई भरली. माझा हात कापत होता, त्यांचा नाही. त्यांचा हात स्थिर होता, कुपी धरलेली. त्यातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं. ते फक्त मला दिसत होतं.

तेव्हापासून सकाळी आठ, संध्याकाळी आठ. दिवाळीलाही मी अल्लीपूरला मुक्कामी गेले नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं. ऐकून घ्यायचे.

दिवाळीनंतर माझ्या बदलीचा कागद आला, समुद्रपूर. काकांनी तो दोनदा वाचला आणि त्याच दिवशी पुण्याला फोन लावला. काकूंना मुलाकडं पाठवायचं ठरवलं. तिथं सून सुई देईल. काका इथंच राहणार. घर कोण पाहणार, म्हणे. खरं कारण मला ठाऊक होतं. जिथं सुई आहे तिथं त्यांना स्वतःचा हात नको होता.

"मले नाई जायचं," काकू दिवसभर म्हणत होत्या. "आंधळ्या माणसाले आपलं घर तं पाठ असते. तिकडं मले भिंत कोठी अन् दार कोठी, हेई समजन नाई." काका ऐकत होते आणि त्यांची पिशवी भरत होते. औषधाच्या प्रत्येक बाटलीवर खाचांची पट्टी लावून.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आठला मी खाली गेले आणि दारातच बोलून टाकलं. सगळं. तोटी, रिकामा ड्रम, बोरचं पाणी, टोपणभर खत, दोनदा. रडत रडत बोलले, काही म्हणजे काही लपवलं नाही. "तुमचा हात बरोबर आहे काका. शपथ घेते. काकूंना नका पाठवू. मी मारली झाडं, तुम्ही नाही."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. आणि हसले. दसऱ्यानंतर पहिल्यांदा हसले.

"किती जीव लावला व पोरी तू," म्हणाले. "मले बरं वाटावं म्हणून एवढं रचून आणलं? अवं, ड्रम मी पाह्यला होता नं. पाणी खाचेवर होतं. पट्टी कधी खोटं बोलत नाई." माझ्या डोक्यावर हात ठेवला, या वेळी खराच ठेवला, सावलीसाठी नाही. "अन् तुले तं येतच नाई खोटं बोलता. पाह्य कशी थरथरून राह्यली."

ते कापूस आणायला आत गेले.

काकू पलंगावर तशाच बसल्या होत्या. नजर माझ्याकडं नव्हती, पण कान होता. हळूच म्हणाल्या, "खरं हाय नं?"

मी मान हलवली. मग आठवलं, आताशा यांना एवढंही दिसत नाही. "हो," म्हटलं.

लुगड्याची कड बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"पह्यलेच सांगतलं असतं, तं मी माह्या घरी मेली असती," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आता पुन्हा नको सांगू त्यायले. झाडं गेली, हात गेला, मी उद्या चालली. तुह्यावरचा भरोसाई गेला तं त्यायच्यापाशी काय राहीन?"

काका कापूस घेऊन आले. मी तोवर सुई भरली होती.

"भरली?"

"भरली."

"आन, पाह्यतो." हात पुढं केला, आणि मग मागं घेतला. "नाई, राहू दे. तू भरली म्हणजे बरोबरच असन."